दोन रेषांमधली जागा

पवनचक्की मोडली, हौद कोरडा पडला, तेव्हा एलिसेओने गुरं नव्याने भाड्याने घेतलेल्या कुरणात न्यायची ठरवली. न्यू मेक्सिकोच्या त्या उघड्या रानात, तिथल्या घळीत एक झरा होता. वाट मात्र घरात कुणाच्याच पायाखालची नव्हती. त्याची मुलगी रोमाल्दा भूशास्त्र शिकलेली. पण घोड्यावरून पडल्यामुळे पाय प्लास्टरमध्ये. एलिसेओ गुरं घेऊन निघाल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि वायरलेस हातात घेतला; दुसरा त्याच्याजवळ होता.

“पठारावरून उत्तरेला चला, पापा. तिथे उंचीच्या रेषा लांब लांब आहेत, म्हणजे उतार सोपा. थेट झऱ्यावर उतराल.”

“रेषा मारणारा घोड्यावरून आला होता का गं इथे?”

“विमानातून फोटो काढतात.”

“मग वरून त्याला गाय उतरतानाही दिसली असेल!” तो हसला.

थोड्या वेळाने त्याच्या आवाजामागचं हंबरणं वाढलं. “पाण्याचा वास लागला यांना. माझ्या अंगावर येतायत नुसती.”

रोमाल्दाची नजर नकाशाच्या कोपऱ्यात छापलेल्या टिपेकडे गेली. दर रेषेला उंची चाळीस फुटांनी बदलते. म्हणजे तीस फुटांचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये, एकीलाही न शिवता उभा राहू शकतो. पहिल्याच वर्षी शिकलेली गोष्ट. मोकळा कागद बघून ती सपाटीवर विसंबली होती.

“पापा, थांबा! पुढे कडा आहे का, ते आधी बघा.”

“आहे.” आता तो हसत नव्हता. “दोन मजले तरी असेल. झरा बरोबर खाली.”

“गुरं मागे वळवा.”

“तहानलेली गुरं पाण्याकडे पाठ करतात होय? मागची पुढच्यांना रेटतायत. मी आणि घोडा मध्येच सापडलोय. डावीकडे उतार आहे की उजवीकडे? लवकर सांग, पोरी.”

ती कागदावर वाकली. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं. एखादी घसरण, एखादी फट, काहीच काढलेलं नव्हतं. असती तरी एवढ्या बारीक जागेत मावली नसती.

“नकाशात दिसत नाही, पापा.”

उत्तरादाखल दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि घोड्याचं खिंकाळणं.

तिने बटण दाबलं. “घोडा सोडा, पापा. बाजूला व्हा, एखाद्या खडकाआड जा.” बटण दाबलेलं असेपर्यंत पलीकडचं काही ऐकू येत नाही. ती तेच तेच बोलत राहिली. अंगठा दुखू लागला तरी तिने तो उचलला नाही.