ऑफिसची आई

परदेशी शिकायला पाठवणारं ते दुकान चपलांच्या दुकानाच्या वर होतं, आणि दोघांत खालचं दुकान जास्त प्रामाणिक होतं. तिथे निदान पायाचं माप घेऊन मग माल दाखवत. वर मापाची भानगडच नव्हती. जिना चढून आलेल्याच्या अंगावर तयार माल चढवायचा, मग तो काखेत काचो नाहीतर पोटावर ताणो.

मालकाला सगळे डायरेक्टर सर म्हणत. सर स्वतः परदेशी शिकलेले नव्हते. एकदा आठवडाभर जाऊन आले होते, आणि त्या आठवड्याने चारही भिंती व्यापल्या होत्या. प्रत्येक फोटोत मागे कुठल्यातरी विद्यापीठाची कमान आणि पुढे छाती काढून सर. कमानीच्या आत काढलेला फोटो एकही नव्हता.

तिला तिथे मावशीने नेलं. आई जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. घरात बाप आणि लेक एकमेकांशी "चहा घेणार?" आणि "दार लावलंस?" एवढंच बोलत. मावशीला ते सोसेना. "तुझ्या आईची इच्छा होती तू पुढे शिकावंस. आता रडत बसू नकोस," ती म्हणाली. लेक रडत बसलेली नव्हतीच. ती रडत नाही, हीच मावशीची खरी तक्रार होती. मावशी फी भरून मोकळी झाली, आणि फी भरली म्हटल्यावर जाणं आलं.

तिचा विषय गाळ. नदीत, कालव्यात, धरणात गाळ कुठून येतो, कुठे बसतो आणि बसला की काय काय बुडवतो. कॉलेज संपल्यापासून ती पाटबंधारे खात्याच्या प्रयोगशाळेत गाळाचे नमुने चाळत होती, आणि पुढचं शिक्षणही तिला त्यातच हवं होतं. डायरेक्टर सरांच्या ऑफिसात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे गाळवाली. तिला दोन्ही ऐकू येई. दुसरं तिला जास्त आवडे.

अर्जासोबत एसओपी नावाचा दोन पानी निबंध जोडावा लागतो. मी कोण, काय शिकले, पुढे काय शिकायचंय आणि का, असा. तो तिने घरून लिहूनच आणला होता. सरांनी तो जवळ धरला, लांब धरला आणि टेबलावर ठेवून दिला.

"मॅडम, यात गाळ आहे."

"हो."

"गाळच आहे. तुम्ही कुठे आहात?"

"गाळ मोजतेय ती मीच."

"तसं नाही हो. तिकडे कमिटी बसते. हजारो अर्ज. मार्क काय, सगळ्यांनाच असतात. त्यांना काय लागतं? स्टोरी. वाचताना घसा दाटला पाहिजे." सरांनी आवाज खाली आणला. "मावशी म्हणाल्या, मदर एक्स्पायर झाल्या."

औषधाच्या बाटलीबद्दल बोलावं तसं ते बोलले.

"ते यात येणार नाही," ती म्हणाली.

"का बरं? आजार लांबला होता ना? उत्तम! म्हणजे... वाईटच झालं, पण लिखाणाच्या दृष्टीने म्हणतोय मी."

ती पुष्कळ वाचणारी होती, आणि पुस्तकांतली लबाड माणसं निदान हुशार तरी असतात. हा माणूस हुशारसुद्धा नव्हता, ह्याचाच तिला जास्त अपमान वाटला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याने खाऊन झाल्यावर ओठ तरी पुसावेत.

तरी शेवटी तिने लिहिलं. मावशीचा रोजचा धोशा होता. शिफारसपत्र देणारे प्राध्यापकही म्हणाले, "थोडं पर्सनल घाल, चालतं." पण त्यांच्यामुळे तिने लिहिलं नाही. निबंधात "का" असा एक प्रश्न होता आणि त्याचं खरं उत्तर आईच होतं, म्हणून लिहिलं.

आई नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होती. बाई असली तरी पदाचं नाव ड्राफ्ट्समनच. डोंगरांची उंची दाखवणाऱ्या रेषा काढण्यात तिचा जन्म गेला, आणि त्यातल्या एकाही डोंगराला तिचा पाय लागला नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी ती गुडघे वर घेऊन पडलेली असे. पांढऱ्या चादरीच्या चुण्यांवरून बोट फिरवत विचारी, "हा डोंगर. ही खिंड. इथे पाऊस पडला तर पाणी कुठून जाईल?" लेक दाखवी. "आणि माती कुठे टाकेल?" लेक तेही दाखवी. चुकलं की आई गुडघा हलवून अख्खा डोंगर मोडी आणि म्हणे, "परत."

एका परिच्छेदात तिने एवढंच लिहिलं, एकही विशेषण न वापरता. बाबांजवळ ती त्यातलं काही बोलली नाही.

डायरेक्टर सर हरखले. "सोनं आहे, सोनं! मॅडम, मरण तर फर्स्ट क्लास उतरलंय. फक्त शेवट जरा उंच न्या. 'त्या क्षणी मी ठरवलं' असं काहीतरी." ते वाक्य त्यांनी स्वतःच घातलं आणि जाता जाता आईच्या गालावर एक अश्रूही ठेवला. तिने दोन्ही काढून टाकलं.

"माझी आई रडली नाही."

"अहो, कमिटी काय बघायला आली होती?"

मुदत सोमवारी संपत होती. शनिवारी सरांनी तिला मुलाखतीच्या सरावाला बोलावलं. काचेच्या खोलीत तिच्या आधी एक तरुण बसला होता. उकाड्यातही निळा ब्लेझर घालून येई, म्हणून ऑफिसात त्याचं नावच ब्लेझर पडलं होतं. त्याला मॅनेजमेंट शिकायचं होतं. नेमकं कशाचं, ते अजून ठरलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर त्याची आई संत्रं सोलत बसली होती. भरल्या अंगाची, खणखणीत आवाजाची बाई. आवाज लहान करायची तिला सवय नसावी.

"घे गं फोड. तू कशासाठी चाललीस?"

"गाळ शिकायला."

"तो शिकावा लागतो? आमच्या मोरीत ये, फुकट शिकवते." ती स्वतःच हसली. "आमचा साहेब होणार म्हणे. घरात स्वतःचं ताट उचलत नाही, पण तिथे म्हणे शंभर माणसं हाताखाली ठेवणार."

काचेच्या वरच्या फटीतून ब्लेझरचा आवाज येत होता. तो इंग्रजीत पाठ म्हणत होता. ती आधी नुसतीच ऐकत होती. मग त्यात दवाखाना आला. पांढरी चादर आली, वर घेतलेले गुडघे आले, चुण्यांवरून फिरणारं बोट आलं. माझ्या आईने मला शिकवलं, ब्लेझर सांगत होता, की आयुष्यात आणि बाजारात चढउतार हे असायचेच. आई गुडघा हलवून डोंगर मोडायची, तेही त्याने सोडलं नव्हतं. त्याला तो "डिसरप्शन", बाजारातली उलथापालथ, म्हणत होता.

संत्र्याची फोड तिच्या बोटांत तशीच राहिली.

"काय म्हणतोय गं तो?" बाईने कोपराने ढोसलं. "सारखं मदर मदर ऐकू येतंय. माझंच कौतुक चाललेलं दिसतंय."

"तो म्हणतोय, तुम्ही वारलात."

सालीत रुतलेला अंगठा थांबला.

"कधी?"

"गेल्या वर्षी."

"कशाने?"

"फुफ्फुसांच्या आजाराने."

"मला साधा खोकला होत नाही," बाई म्हणाली, जणू चूक फक्त आजाराच्या नावात होती. मग मोठ्याने हसली. "असू दे. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात." पण हसू अर्ध्यावरच राहिलं. ती उठून काचेपाशी गेली, आत पाहिलं आणि परत येऊन बसली.

"रडला का गं, सांगताना?"

ब्लेझर टायची गाठ सारखी करत होता.

"नाही."

"अडखळला तरी?"

"नाही. पाठांतर चांगलं आहे त्याचं." आणि मग, आता सांगणं भागच होतं म्हणून, ती म्हणाली, "आजार माझ्या आईचा आहे. ती गेली. बाकीचं तो सांगतोय तेही तिचंच आहे."

बाईने तिच्याकडे पाहिलं. संत्रं, साली, पिशवी, सगळं बाकावर टाकलं आणि काचेचं दार उघडलं. गाळवाली तिच्या मागे गेली.

"आई, बाहेर बस ना, सराव चाललाय," ब्लेझर म्हणाला.

"मेलेल्या बाईला कसला आलाय आतबाहेर?"

डायरेक्टर सर लगबगीने उठले. "गैरसमज नको, मॅडम. तुमचा गाळ, यांचं मॅनेजमेंट. तुमचा देश निराळा, यांचा निराळा. कुठे आडवे येताय एकमेकांना?"

"मला काय माहीत, ही कुणाची आहे!" ब्लेझरचा सूर खरोखरच दुखावलेला होता. "मला वाटलं ऑफिसची आहे."

"ऑफिसची काय?" त्याच्या आईने विचारलं.

"आई. म्हणजे नमुन्याची. सरांकडे फाईल असते. मला तीन दाखवल्या. कुणाच्या तरी आजोबांचा अपघात, एक भावाचं व्यसन आणि ही. ही बरी वाटली."

"आणि मी? मी नव्हते चालत?"

"तुझं काय लिहिणार, आई?" तो म्हणाला. "तू तर रोज असतेस."

बाईने संत्र्याने चिकट झालेली बोटं एकेक करून पदराला पुसली.

तेवढ्यात सरांचं डोकं चाललं, म्हणजे चाललं असं त्यांना वाटलं. "एक प्रॉब्लेम आहे खरा. यांचे अर्ज मागच्या आठवड्यात गेले. तिकडे कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर असतं, एकदा गेलं की जगभर दिसतं. आता तुमचं पाठवलं, तर कॉपी तुमची ठरणार." मघाशी निराळे असलेले देश आता एकाच गल्लीत येऊन बसले होते. सरांनी सुगंधी रुमालाने भुवया चोळल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "असं करू. तुम्ही आता वडील घ्या."

"वडील जिवंत आहेत."

"मग आजारी दाखवू."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. राग येईल म्हणून ती वाट पाहत होती, पण राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. इथे एक टाय होता, एक सुगंधी रुमाल होता आणि त्या दोन्हींच्या मागे कुणी सापडत नव्हतं.

"खुर्ची द्या जरा," ती म्हणाली.

सर गोंधळून उठले. त्यांच्या कॉम्प्युटरवर तिने आपला अर्ज उघडला. आईचा निबंध काढला आणि पहिला लावला, नुसत्या गाळाचा. तो परिच्छेद गेला की अर्ज पांगळा होणार, हे तिला सरांपेक्षा चांगलं कळत होतं. "का" ह्या प्रश्नापुढे आता दोन कोरडी वाक्यं होती. खरी होती, पण पुरी नव्हती. प्रवेश हुकला तर पुन्हा वर्षभर प्रयोगशाळेत चाळणी हलवायची, आणि मावशीचं तोंड वर्षभर चालू.

"मॅडम, काय करताय! नुसता गाळ कोण वाचणार?"

"ज्याला गाळाशी कर्तव्य आहे तो."

"सीट जाईल!"

"जाऊ दे." तिने बटण दाबलं. अर्ज गेला. "आणि तुमच्या फाईलमधून माझी आई काढा."

"काढतो ना, लगेच काढतो," सर म्हणाले. ते काढणार नव्हते, आणि हे त्या खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं. पुढल्या वर्षी ती चादर आणखी कुणाच्या तरी धडधाकट आईवर पसरली जाणार होती आणि त्या डोंगरांवरून आणखी कसलं तरी पाणी वाहणार होतं. शेणाला काठी मारली तर शेण उडतं आपल्याच अंगावर. ती जिना उतरली.

खाली चपलांच्या दुकानासमोर ती बस कुठून मिळेल ते पाहत होती, तोच मागून बाई आली. एकटीच.

"त्याला म्हटलं, ये तुझा तू. मेलेल्या आया गाडीभाडं देत नाहीत." बाई दुकानाच्या पायरीवर टेकली आणि शेजारची जागा पदराने झाडली. "बस. कशी होती गं तुझी आई?"

कशाने गेली, कधीपासून आजारी होती, फार त्रास झाला का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. ती बसली.

"भांडकुदळ होती."

"हं!" बाईला ते पटलेलं दिसलं. "कुणाशी?"

"कुणाशीही. कंडक्टरशी, दुकानदाराशी. मावशीशी तर नेमाने. लोकांकडे गेलं की उठून त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायची. स्वयंपाक वाईट, आणि तुमच्याच जिभा बिघडल्यात म्हणायची."

"आणखी?"

"घरमालक जिन्यात सायकल लावायचा. आईने दोनदा सांगितलं. मग रोज सकाळी ऑफिसला जाताना ती चाकातली हवा सोडायची. उघडपणे, त्याच्या दारासमोर. शेवटी तो माफी मागायला आला, सायकल खाली नेतो म्हणाला. ती म्हणाली, बरं. आणि पुढे आठवडाभर खाली जाऊन हवा सोडत राहिली."

"माफी मागितल्यावरसुद्धा?"

"हो."

"मग चूक तुझ्या आईचीच," बाई ठामपणे म्हणाली. "त्याने माफी मागितली की विषय संपला. हा कुठला न्याय?"

आई गेल्यापासून लोक तिच्याबद्दल चांगलंच बोलत होते. किती हसतमुख, किती सोशिक. ऐकून ऐकून घरातली आई रोज थोडी पुसट होत गेली होती. आता ही परकी बाई रस्त्यावर बसून तिच्याशी भांडत होती.

"तुम्हाला पूर्ण माहीत नाही," गाळवाली म्हणाली आणि पायरीवर तिच्याकडे वळून बसली. "तो जिना किती अरुंद होता ते आधी ऐका."

"अरुंद असला म्हणून काय झालं?"

"काय झालं म्हणजे?" तिचा आवाज चढला. दुकानातला माणूस मान वर करून बघू लागला, तरी ती थांबली नाही. समोरून बस गेली, आणि ती तावातावाने आईची बाजू मांडत राहिली.