याला पोछा म्हणायचं नाही

"पाय वर घे," म्हणत फिटरनं अर्धी बादली पाणी फरशीवर ओतलं.

फरशी नुकती कुठे वाळत आली होती. आक्का भिंतीला खुर्ची लावून बसली होती, दोन्ही अंगठे काखेत दाबून. ऊब लागली की ठणका जरा कमी व्हायचा.

"अहो, आत्ता तर पुसलं मी!"

"ते जुन्या स्प्रिंगनं. आता नवी बसवलीय. ऊठ, पुसून बघ."

"आणि घाण कुठली आणू? शेजारणीकडून वाटीभर उसनी?"

"आणलीय." फिटरनं खिशातून कागदाची पुडी काढली. रस्त्यावरची माती, तिच्यात थोडं वंगण. कोशिंबिरीवर मीठ भुरभुरावं तशी त्यानं ती हलक्या हातानं ओल्या फरशीवर पसरली आणि पायानं नीट चोळली. "घासायची बाजू पण बघायला हवी ना."

आक्का उठली. उभ्या गल्लीत तिच्या जिभेला सगळे टरकून असायचे. दूधवाला पाणी घालायचा ते तिचं घर सोडून. जावयानं पहिल्यांदा सासुरवाडीला येताना म्हणे आरशासमोर बोलून पाहिलं होतं. पण नवऱ्यानं पुढे केलेला दांडा तिनं मुकाट्यानं घेतला. म्हणजे तोंडानं मुकाट्यानं नाही.

"द्या तुमचा पोछा."

"याला पोछा म्हणायचं नाही," फिटर म्हणाला. "हे यंत्र आहे."

कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेला माणूस. बिघडलेलं काहीही त्याच्यापुढे ठेवा, तासाभरात सुरू. गल्लीतले पंखे, शिवणयंत्रं, नळ, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. फक्त बायको तेवढी बिघडलेली त्याला कधी दिसली नव्हती, आणि दिसली तेव्हा ती डॉक्टरनं दाखवली म्हणून.

डॉक्टर तरुण होता. त्यानं आक्काचे अंगठे मागेपुढे वाकवले तेव्हा ती ओरडली नाही, डोळे तेवढे मिटले. तो म्हणाला, "पिळणं आजपासून बंद. ओलं फडकं हातात धरायचं नाही. अंगठ्यांच्या मुळाशी काही उरलेलं नाही, कायमचे जातील."

"मग घरातली फरशी काय तुम्ही पुसायला येणार?" आक्कानं विचारलं.

डॉक्टर हसला. पण फिटर हसला नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "ते आता माझ्यावर सोडा, डॉक्टर."

त्या दिवशी घरी येईपर्यंत आक्काच्या मनात तेच घोळत होतं. बाळंतपणात, टायफॉइडमध्ये, सासू गेली त्या दिवशीसुद्धा तिनंच पिळलेलं फडकं, आणि आज हा माणूस परक्यासमोर म्हणाला, माझ्यावर सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बादली भरून दाराशी ठेवली, फडकं तिच्या काठावर टाकलं आणि मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरत बसली. कान मात्र बाहेर.

फिटर आला. बादलीपाशी थांबला. वाकला. आक्काची सुरी थांबली.

त्यानं खिशातून टेप काढली, बादलीचं तोंड मोजलं, फडक्याची लांबी मोजली आणि चपला घालून बाहेर पडला. दुपारी परत आला तो पोकळ पाइप, स्प्रिंगा आणि नटबोल्टांची पिशवी घेऊन. दाराशी बादली तशीच होती. "ही वाटेत का ठेवलीस?" म्हणाला. "अडखळून पडेल ना कुणी."

आक्कानं ती उचलली. फरशी पुसली. पिळताना तोंडातून आवाज निघाला नाही, तेवढा अभिमान तिच्यात होता.

तेव्हापासून घराचा कारखाना झाला. पहिलं यंत्र पिळायचं पण घासायचं नाही. दुसरं घासायचं, पण पिळताना फडक्याच्या पट्ट्या आतल्या सळईला अशा वेटोळ्या घालून बसायच्या की कात्रीनं सोडवाव्या लागायच्या. तिसऱ्याची स्प्रिंग सुटून आक्काच्या नडगीवर बसली. फिटर धावत आला आणि त्यानं स्प्रिंग उचलून उजेडात धरली. "तुटली नाही," म्हणाला. केवढा दिलासा!

आणि प्रत्येक वेळी चाचणी. पूर्वी फरशी दिवसातून एकदा पुसली जायची. आता पुसणं कमी करायचं यंत्र घरात आल्यापासून ती उठता-बसता पुसली जात होती. आजार परवडला पण वैद्य नको, अशी गत. वर गल्लीत कौतुक. शेजारीण तर गहिवरून म्हणाली, "आक्का, नशीब काढलंत हो. आमच्याकडे एवढं दुखलं तरी बाम नाही हातावर ठेवत कुणी. फिटरसाहेबांचा जीव आहे तुमच्यावर."

"आहे ना," आक्का म्हणाली. "अर्धी बादली ओततात रोज माझ्यावरून."

लेक आली तेव्हा तिनं आईचे हात बघितले. अंगठ्यांची मुळं सुजून बटाट्यासारखी झालेली.

"आई, कामाला बाई लाव. मी बोलते बाबांशी."

"बोलून बघ."

लेक बोलली. फिटरला मनापासून वाईट वाटलं. "अगं, होतच आलंय यंत्र. आता बाई लावली तर मी हे कुणासाठी करतोय?"

लेक परत आत आली आणि दार लोटून हळूच म्हणाली, "मग तू सरळ सांग ना त्यांना. म्हणावं, तुम्ही पुसा. एवढ्या लोकांना तोडून बोलतेस, आणि हे एवढंसं बोलवत नाही?"

आक्कानं बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"सांगितलं तर पुसतील गं. कारखान्यात साहेबानं सांगितलं तर गटारातसुद्धा उतरायचे. हुकमानं पुसलेलं मला काय करायचंय? एकदा... एकदाच न सांगता म्हणाले असते, दे इकडे. मग मीच नसतं दिलं."

"म्हणजे तुला नक्की हवंय काय?"

"काही नको. चहा टाक."

पाचव्या की सहाव्या यंत्राला मात्र खरंच रूप आलं. दांड्याच्या मधोमध एक दट्ट्या. तो खाली दाबला की आतली सळई फिरायची, पट्ट्यांना पीळ बसायचा आणि पाणी बादलीत धारेनं गळायचं. दांडा उलटा केला की डोक्याच्या पाठीला ताठ केसांचा ब्रश. फिटरनं तो दाखवला तेव्हा आक्कालासुद्धा क्षणभर वाटलं, मानलं बाई. मग तिनं दट्ट्या दाबला आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली. जे फडकं पिळताना व्हायचं तेच, फक्त आता उभ्यानं.

"अहो, हा दबत नाही."

"दबतो गं. बघ." फिटरनं एका हातानं दाबला. त्याचा पंजा म्हणजे सुपाएवढा. "सवय नाही तुला. सवयीनं जमेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तो दट्ट्या दाबणारा हात तिनं बघितला. दणकट, न सुजलेला, रिकामा हात.

ब्रश आणि झाडू बनवणाऱ्या कंपनीचा मॅनेजर यंत्र बघायला येणार असं ठरलं, तेव्हा फिटरनं आदल्या दिवशी दाढी केली, केस कापले आणि आक्काला ताकीद दिली. "उद्या तू चालवून दाखवायचंस. बाईमाणसानं चालवलं की खात्री पटते. आणि जरा हसतमुख. नेहमीसारखं नको."

"नेहमीसारखं म्हणजे कसं?"

"हे असं."

मॅनेजर आला. चाळिशीचा, बारीक, बुटाची टाच घासलेली. चहा घेतला, यंत्र उलटसुलट करून बघितलं, स्प्रिंग कुठली वापरली ते विचारलं. फिटर असा खुलला की आक्कानं लग्नातसुद्धा त्याला असा बघितला नव्हता. मग त्यानं पाणी ओतलं, पुडीतली माती टाकली आणि म्हणाला, "हं."

आक्कानं दांडा हातात घेतला. ब्रशची बाजू घासली, ती जमली. दांडा उलटवला, पट्ट्या पाण्यात फिरवल्या, त्याही जमल्या. यंत्र बादलीवर धरून तिनं दट्ट्यावर दोन्ही अंगठे ठेवले आणि दाबला. तो जरासा हलला. तिनं पुन्हा दाबला. तोंडावरचं हसू तिनं तसंच धरून ठेवलं, पण कपाळावर घाम आला आणि मग तिच्या हातातून दांडा सुटला. बादली कलंडली.

"अगं, नीट! डोकं आपटलं ना त्याचं!" फिटर ओरडला. यंत्राचं डोकं.

आक्का वाकू लागली तेवढ्यात मॅनेजर खुर्चीतून उठला. त्यानं बूट काढून दाराबाहेर ठेवले, पँट घोट्यावर दुमडली.

"द्या इकडे, मावशी," तो म्हणाला. "मी पुसतो."

आक्कानं त्याच्याकडे बघितलं. मग ती बाजूला झाली.

मॅनेजरनं यंत्र घेतलं आणि खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यापासून मागे-मागे येत फरशी पुसायला लागला. सराईत हात. खुर्चीचे पाय न सांगता उचलले, कपाटाखाली दांडा आडवा घातला, सांडलेलं सगळं टिपून घेतलं, मधेमधे दट्ट्या दाबून पाणी गाळलं. "आमची आई अंथरुणाला आहे," पुसता पुसता म्हणाला. "घरी मीच करतो हे. तुम्ही बसा हो. हात दुखतायत तुमचे."

"बघितलंस?" फिटरचे डोळे चमकले. ते दट्ट्यावर खिळलेले होते. "बघितलंस कसं चालतंय? पुरुषाच्या हाताला लोण्यासारखं!"

"बघितलं," आक्का म्हणाली.

मॅनेजर दारापर्यंत आला, यंत्र भिंतीला टेकवलं, हात पुसले. "काम झकास आहे, फिटरसाहेब. पण कंपनी घेणार नाही."

"का?"

"विकायचं कुणाला? बाईला हे दाबवत नाही. आणि दाबवतं त्या पुरुषाला घरात फरशी आहे हेच ठाऊक नसतं." तो हसला. कुणाला टोचायचं त्याच्या मनातही नसावं. "मावशी, चहा छान होता," म्हणाला, बूट घातले आणि निघाला. आक्का त्याला सोडायला दाराबाहेर गेली. तो वळणावर दिसेनासा झाला तरी ती तिथेच होती.

फिटर आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून विचार करत होता. अपमान वगैरे त्याला काही वाटलेला दिसत नव्हता. थोड्या वेळानं तो उठला. "आलं लक्षात! दट्ट्या लांब करायचा. लांब केला की जोर कमी लागेल. तुझ्या अंगठ्यानंसुद्धा सहज दबेल बघ. पक्कड कुठाय? त्या खिडकीत राहिली वाटतं." आणि त्यानं ओल्या फरशीवर पाऊल टाकायला पाय उचलला.

"पाय ठेवायचा नाही."

आवाज मोठा नव्हता. पण फिटरचा पाय तसाच मागे गेला.

"अगं, पक्कड—"

"वाळू द्या आधी."

"वाळेल तेव्हा वाळेल. एवढं काय? उमटलंच तर मागाहून तू—"

तो तिथेच थांबला. आक्कानं त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. ती दाराच्या चौकटीला टेकून फरशीकडे बघत होती. फिटर उंबऱ्याच्या त्या बाजूला, आक्का दाराच्या या बाजूला, आणि मधे ती स्वच्छ ओली खोली. दोघांपैकी कुणाचंच पाऊल नसलेली.

उन्हाच्या बाजूनं फरशी वाळत आली. कडा पांढऱ्या झाल्या, मग खुर्चीखालचा भाग. शेवटी कपाटापुढे हातभर ओल उरली. आक्का पुढे वाकून ती बघत राहिली. ओल आणखी थोडा वेळ टिकली असती तर तिला चाललं असतं.