अर्धा तास बसायचं

मला बस म्हणणारा माणूस मला आवडत नाय, हे आधीच सांगून ठेवते. मी रूपा, गारखेड्याची. पोलीस भरतीची तयारी करते. आठशे मीटर पळायचं असतं अन् माझा दम सहाशेलाच संपायचा. पाय एकदम टकाटक, पण छाती शिट्ट्या मारायची. मैदानाच्या कडेनं पांढऱ्या फुलांचं गाजरगवत माजलंय, त्यानं माझा घात केला.

डॉक्टरबाईंनी हातावर थेंब टाकून टोचून बघितलं. बाकी ठिकाणी काही नाय, गाजरगवताच्या थेंबाखाली मात्र बोराएवढी गांध उठली. "तुला ह्याच गवताची ॲलर्जी आहे. त्याचीच लस द्यायची. आधी अगदी थोडी, मग दर आठवड्याला वाढवत जायची. तीन वर्षं."

तीन वर्षं! अगं माय, तोवर माझं भरतीचं वय निघून जाईल की. पण त्या म्हणाल्या, सहा-आठ महिन्यांत फरक कळायला लागतो. भरतीचं मैदान, म्हणजे पळण्याची परीक्षा, आठ महिन्यांवर होतं. म्हटलं, द्या.

अट एकच होती. सुई घेतली की अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, अन् त्या दिवशी पळायचं नाय.

बारा बुधवार बसले. मेघा सिस्टर माझ्यावर डोळा ठेवून असायची अन् मी तिचं डोकं खायची. तेराव्या बुधवारी मोबाइलवर भरतीच्या ग्रुपवर मेसेज आला, मैदान दोन महिने अलीकडं आलंय. झालं! माझं डोकंच फिरलं. सुई घेतली, सिस्टर आत वळली अन् मी सटकले. एक दिवसाचा सराव बुडू नये म्हणून घरापर्यंत पळतच निघाले. काय अक्कल पाजळली! आम्ही भरतीची पोरं अशीच, दूध आणायला पाठवलं तरी पळत जातो.

क्रीडा संकुलाच्या भिंतीपाशी तळहात खाजायला लागले. मग कान, मग अंगभर गांधी उठल्या. गळ्यात बोळा कोंबल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू, लई भ्याले. एका रिक्षावाल्या चाचांनी "क्या हुआ बेटा?" म्हणत मला उचलून आत बसवलं अन् मी बोट दाखवलं तसं परत दवाखान्यात आणलं.

मांडीत इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास मोकळा झाला. तोवर पप्पा कंपनीतून गणवेशातच आले होते. डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या, "सुई घेऊन पळाली म्हणून हे झालं. आता डोस कमी करून परत वाढवत न्यावा लागेल."

"काय गरज नाय," पप्पा म्हणाले. "सुया बंद."

घरी आई रडतच होती. "आग लागो त्या भरतीला. मला माझी पोरगी पायजे."

मी दोघांसमोर उभी राहिले. "लसीनं नाय, माझ्या येडेपणानं झालं. सुई बंद केली म्हणून गवत कुठं जाणार हाये? ह्या वर्षीचं मैदान मी सोडते. पुढच्या वर्षी पळीन. पण सुई सोडणार नाय, पप्पा. तुमी नाय आले तर एकटी जाईन."

मैदान सोडते म्हणणं सोपं नव्हतं. वर्षभर पहाटे उठून पळाले होते मी त्याच्यासाठी. पप्पा त्या रात्री जेवले नाय.

पुढच्या बुधवारी मी दवाखान्यात पोचले, तर पप्पा दारात उभे. सुट्टी टाकून आलेले. सिस्टरनं कमी डोसची सुई दिली अन् मी बाकड्यावर बसले. पप्पा शेजारी बसले.

"बूट काढ."

"कशाला?"

"काढ म्हणलं ना!"

त्यांनी माझे दोन्ही बूट मांडीवर घेतले अन् नाड्या मुठीत धरल्या. समोरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सिस्टर म्हणाली, "काका, खाली ठेवा की."

"नाय. ही लई पळती."

अर्धा तास ते तसेच बसले. चहासुद्धा घेतला नाय. मग सिस्टरनं माझा दंड बघितला अन् जा म्हणाली. पप्पा उठले, माझ्यासमोर उकिडवे बसले, बूट माझ्या पायात घातले अन् नाड्या बांधायला लागले.

मला कसंतरीच झालं. "पप्पा, लोक बघतेत. मी बांधते ना."

"गप बस," ते मान खाली घालूनच म्हणाले. "मैदानाच्या दिवशीबी मीच बांधणार हाये."