समासातली साक्ष

कचेरीत तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं किरकोळ, बोलायला टोकदार, आणि एकदा कागदाला धरलं की सोडायची नाही, म्हणून. विधिमंडळाच्या समित्यांपुढे जे बोललं जाई ते शब्दन्‌शब्द लघुलिपीत उतरवायचं आणि मग टाइप करायचं, हे तिचं एकतीस वर्षांचं काम. "मंत्री शिंकले तर सोडा, बाकी काही सोडू नका," असं ती नव्या मुलींना शिकवी.

त्या दिवशी सरकारी खर्च तपासणाऱ्या समितीपुढे एक योजना आली होती. बाळंतिणींच्या घरी परिचारिका जातात, आईला आणि बाळाला तपासतात, ती. आरोग्य खात्यानं पुढच्या वर्षासाठी तिची तरतूद निम्म्यावर आणली होती. खात्याचे सचिव म्हणाले, "खरेदी पूर्ण झाली आहे. चाळीसही केंद्रांना बाळांचे वजनकाटे पोचलेत. आता एवढ्या पैशांची गरज नाही."

साक्षीला एका केंद्रातली परिचारिका बोलावली होती. पन्नाशीची बाई, पर्स दोन्ही हातांनी धरून बसलेली. तिला विचारलं एवढंच, की योजना उपयोगी आहे का?

"उपयोगी आहे की, साहेब," ती म्हणाली. "पण काटा आमच्याकडे आलेलाच नाही. मी बाळांना भाजीवाल्याच्या काट्यावर तोलते. तो बिचारा आधी पारडं पुसून देतो. गेल्या थंडीत एका मुलीचं वजन तीन आठवडे वाढत नव्हतं. त्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगी गेली."

टाचणीची पेन्सिल तेवढी चालत होती.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "हं. पुढचे साक्षीदार."

बैठक उठल्यावर त्यांनी टाचणीला दारातच गाठलं. "ताई, ते भाजीवाल्याचं गाळून टाका. बाई भावनेच्या भरात बोलल्या. उगाच खात्याची शोभा."

"गाळायचं तर बैठक चालू असताना सांगावं लागतं, साहेब. आता लेखी द्या. तुमचा आदेशही नोंदीला जोडते."

अध्यक्ष हसले. "लेखी कशाला? आपण काय परके आहोत?"

"वहीपुढे सगळे परकेच," ती म्हणाली आणि निघाली.

घरी नवरा मटार सोलत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कर कानाडोळा."

"एकतीस वर्षं कान उघडे ठेवायचा पगार घेतला. आता कानाडोळा करू?"

"अगं, पण तू एकटी काय करणार आहेस?"

"काहीच नाही. लिहिलंय ते पुसणार नाही, इतकंच."

नवऱ्यानं मटारचं ताट तिच्याकडे सरकवलं. "मग हे तरी सोल. तत्त्वांनी पोट भरत नाही."

तिनं साक्ष होती तशी टाइप करून दिली. पण तिच्या विभागाचे प्रमुख पडले होयबा. त्यांना तेच नाव पडलं होतं. त्यांनी सात वाक्यं उडवली आणि मसुदा परिचारिकेकडे सहीला पाठवला.

चौथ्या दिवशी परिचारिका तो मसुदा घेऊन कचेरीत हजर. होयबांच्या टेबलापुढे उभी राहिली. "माझं बोलणं यात नाही. सही कशी करू?"

"मुख्य मुद्दा आहे ना? योजना उपयोगी आहे म्हणून. करा सही, बस चुकेल तुमची."

"मुलगी गेली, तो मुख्य मुद्दा नाही?"

"तसं तुम्ही बोलल्याचं नोंदीत नाही, बाई."

टाचणी उठली. तिनं कपाट उघडलं, त्या दिवसाची वही काढली आणि खोलीच्या मध्यभागी उभं राहून वाचायला लागली. आवाज चढवला नाही, पाडला नाही. काटा आलेलाच नाही. भाजीवाला. पुसलेलं पारडं. तीन आठवडे. मुलगी गेली. हं, पुढचे साक्षीदार. आजूबाजूच्या टेबलांवरचं टाइपिंग थांबलं होतं.

समितीपुढे न डगमगता बोललेली परिचारिका आता खुर्चीवर बसली. "एवढं बोलले मी?"

"एवढंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही." टाचणीनं पेन पुढे केलं. "साक्षीदाराला मसुद्यात दुरुस्ती करता येते, तसा नियम आहे. हा समास त्यासाठीच सोडलेला असतो. मी सांगते, तुम्ही लिहा."

परिचारिकेचं अक्षर मोठं. समास पुरेना, तेव्हा तिनं कागद आडवा केला, मग उलटा केला. तिन्ही कडा भरल्या. खाली टाचणीनं लिहिलं, 'मूळ टिपणाशी ताडून पाहिले, बरोबर आहे', आणि सही केली.

"याचे परिणाम माहीत आहेत ना?" होयबांनी विचारलं.

"माहीत आहेत. म्हणून तर तारखेबरोबर वेळही घातली."

पुढच्या बैठकीत एका वयस्कर सदस्येनं तो कागद चष्म्यासमोर गोल फिरवत पूर्ण वाचला आणि सचिवांकडे चाळीस केंद्रांच्या पोचपावत्या मागितल्या. निघाल्या तेवीस. उरलेले सतरा काटे गोदामात खोक्यांतच पडले होते. खरेदीच्या करारात वाहतूक धरलेली नव्हती, आणि ती कुणी करायची हे कुणी ठरवलंच नव्हतं. महिन्याभरात काटे पोचले. तरतुदीतली निम्मी कपात समितीनं चतुर्थांशावर आणली, पूर्ण रद्द नाही केली. शिक्षा कुणाला झाली नाही.

टाचणीची मात्र तळघरातल्या जुन्या अहवालांच्या दालनात बदली झाली. होयबांनी आदेश पुढे ठेवला. त्यात 'विनंतीवरून बदली' असं होतं.

"मी विनंती केलेली नाही," ती म्हणाली.

"पद्धत आहे ती. सगळ्यांचं असंच लिहितो."

"माझं नका लिहू."

दुसऱ्या कागदावर 'परस्पर संमतीनं' आलं. तोही तिनं परत सरकवला. तिसऱ्या वेळी होयबांनी 'वरिष्ठांच्या आदेशावरून' असं टाइप केलं, तेव्हा तिनं सही केली, आपली प्रत मागून घेतली आणि पर्स उचलून जिना उतरायला लागली.