नावेतल्या चार जागा

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला कपड्यांचं कपाट वाटलं असेल, तर त्यात तुमची चूक नाही. बीदरच्या मैलूर भागात भीमण्णा शिंप्याच्या दुकानात मी एका कोपऱ्यात उभा असतो. माझ्या डोक्यावर अस्तराचे तागे ठेवलेले असतात आणि माझ्या दांडीला मोजपट्टी लटकत असते. पण मी आहे एक जुना व्हिडिओ गेम. माझ्या काचेत एकेकाळी नदी वाहत होती.

माझी लाकडी पेटी हैदराबादच्या एका सुतारानं केली. आतला खेळ मात्र कुठल्या मुलखात, कुणाच्या डोक्यातून निघाला, हे मला आजही ठाऊक नाही. १९८६ साली गुंडेरावनं मला ट्रकमधून बीदरला आणलं. तो आधी रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं याच गल्लीत एक खोली घेतली, मला एका भिंतीशी उभं केलं आणि दुसऱ्या भिंतीशी एक बंदूकवाला गेम ठेवला. तो दिवसभर ठो ठो करायचा. मी आपला शांतपणे वाहायचो.

माझा खेळ सोपा होता. नदीला पूर आलेला आहे, अलीकडच्या काठावर माणसं हात वर करून उभी आहेत. खेळणाऱ्यानं दांडीनं नाव हाकायची, माणसं घ्यायची आणि पलीकडे न्यायची. नावेत चारच जागा. पाचवा बसला की नाव बुडते. काठावर मात्र नेहमी पाच जण असायचे, आणि दुसरी फेरी मारायला पाणी वेळ देत नसे. दोन लेकरं, एक बाई, एक गडी आणि गाठोडं घेतलेली एक म्हातारी. लेकरांना सगळ्यांत जास्त गुण, म्हातारीला सगळ्यांत कमी.

दुपारी लाईट गेली की गिऱ्हाईक उठून जायचं आणि माझी काच काळी पडायची. पण खरं सांगू? नदी तेव्हाही आत वाहतच असायची. त्या अंधुक खोलीत मला वाटे, आपण मांजरा नदीच्याच पाण्यावर आहोत, पलीकडे जोंधळ्याची शेतं आहेत आणि कुणीतरी हळू आवाजात हाका मारतंय. मग लाईट यायची, पंखा घरघरायचा आणि माझी तंद्री मोडायची.

एकदा गल्लीत कुरबुर सुरू झाली. हे गेम पोरांना बिघडवायलेत, असं चार लोकांचं म्हणणं पडलं. तेव्हा भीमण्णा आणि निवृत्त शिक्षिका सुशीलाबाई तपासायला आले. दोघांनी बारकाईनं पाहिलं. रक्त आहे का, बंदूक आहे का, अंगावर कमी कपडे असलेली बाई आहे का, कुणी विडी ओढतंय का? बंदूकवाल्यात यातलं बरंच निघालं. त्याच्या कपाळावर ‘फक्त मोठ्यांसाठी’ अशी पाटी लागली. माझ्यात काहीच सापडलं नाही. सुशीलाबाई माझ्यासमोर जरा घुटमळल्या, पण त्यांनाही बोट ठेवता येईना. मला ‘लहानांसाठी’ ठरवलं गेलं. मी किती फुगलो होतो म्हणता!

मग माझ्याभोवती पोरांची ही झुंबड उडाली. खेळणारा एक आणि शिकवणारे दहा. सगळ्यांचं शिकवणं एकच असायचं, ‘म्हातारीला सोड!’ कुणी नवखा गडबडला की गुंडेरावही गल्ल्यावरून तेच ओरडायचा. दिवसातून किती वेळा, याची गणती नाही. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. खेळात गुण कमी होते, एवढंच.

दुकानाच्या उंबऱ्याशी पोतं अंथरून गुंडेरावची आई बसलेली असायची. तिचं नाव चंद्रभागाबाई. लसूण सोलता सोलता ती माझ्याकडे पाहायची. डोळे अधू होते, पण मान माझ्या नावेबरोबर हलायची. मला ती फार आवडायची, कारण हरलेल्या माणसाकडे ती कधी हसून बघत नसे.

मी बीदरला आल्यावर तीन वर्षांनी रस्ता रुंद करायचं निघालं आणि दुकानाची ती खोली त्यात जाणार असं ठरलं. सोलापुरात गुंडेरावच्या मेहुण्यानं एक जागा पाहून दिली. जागा म्हणजे एकच खोली. पुढे गेम, मागे संसार. बंदूकवाला विकायचा आणि मला न्यायचं, कारण पोटापाण्याला एक तरी गेम हवा. गुंडेरावच्या बायकोनं, इंदिराबाईनं, एकदा हळूच विचारलं होतं, आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, खाट कुठं टाकायची? दोन दिवसांनी गुंडेरावनं आईला पिशवी भरायला सांगितली. चार दिवस गावाकडे कमठाण्याच्या घरी राहा, शेजारी गौरम्मा आहे, ती बघेल, मग मी येतोच न्यायला, असं तो म्हणाला. कमठाण्याचं घर कधीचं बंद होतं. चार दिवस म्हणजे किती, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं. चंद्रभागाबाई फक्त ‘बरं’ म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

निघायच्या आदल्या दुपारी दुकान रिकामं होतं. ती उठली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “गुंड्या, एक डाव मला खेळू दे.”

गुंडेरावला गंमत वाटली. त्यानं मला सुरू केलं आणि तो तिच्या शेजारी उभा राहिला. तिनं माझी दांडी धरली, जात्याचा खुंटा धरावा तशी. इतके हात मी पाहिले, पण असा कोरडा, जड, ऊबदार हात माझ्या वाट्याला आला नव्हता. तिनं आधी दोन्ही लेकरं घेतली. मग बाई, मग गडी. नाव भरली. पाणी चढत होतं.

“म्हातारीला सोड,” गुंडेराव सवयीनं म्हणाला.

“व्हय, सोडायले की,” ती म्हणाली.

पण तिनं नाव पलीकडे वळवली नाही. ती म्हातारीजवळ नेली आणि तिथंच धरून ठेवली. नदी वर वर येत होती. मी घंटी वाजवायला लागलो.

“माय, तिथं कामून थांबायलीस? नाव बुडंल.”

“बोलायले तिच्याशी,” चंद्रभागाबाई म्हणाली. “जायच्या आधी तिला खरं सांगावं लागंल की न्हाई?”

मग तिनं नाव वळवली. चौघं पलीकडे पोहोचले. माझ्या काचेवर रंगीत तारे उसळले आणि जिंकणाऱ्यासाठी असलेली माझी धून वाजली. ती धून मला थांबवता येत नाही, मित्रांनो, नाहीतर त्या दिवशी मी ती थांबवली असती.

“जिंकले व्हय मी?” तिनं विचारलं.

गुंडेराव तिच्या पोत्यावर जाऊन बसला आणि बराच वेळ सोललेला लसूण उगाच पुन्हा सोलत राहिला.

संध्याकाळी त्यानं बंदूकवाल्याच्या कपाळावरची पाटी काढली आणि ती माझ्यावर ठोकली. भीमण्णा चकित झाला. रक्त न्हाई, बंदूक न्हाई, मग ही पाटी कामून, असं त्यानं विचारलं.

“ह्याच्यात माणूस सोडावं लागतंय, अण्णा,” गुंडेराव म्हणाला. “पोरास्नी ते नुसते गुण दिसतेत.”

सकाळी टेम्पो आला. हमालांनी मला उचलायला हात घातला, तर गुंडेरावनं त्यांना अडवलं. “हे ऱ्हाऊ द्या. त्या कोपऱ्यात मायची खाट येनार हाय.” सोलापुरात पुन्हा रेडिओ दुरुस्तीच करीन, असं तो भीमण्णाला सांगत होता. मला त्यानं भीमण्णाच्या हवाली केलं. चंद्रभागाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. ती रडत होती की ऊन लागून डोळे चोळत होती, ते मला काचेतून नीट दिसलं नाही.

तेव्हापासून मी बंद आहे. वाईट वाटतं का? वाटतं. पण तागे मऊ असतात, आणि दुपारी दुकानात पेंग आली की माझ्या आत अजून पाणी हलतं.

मित्रांनो, तुम्ही पुढे नवे नवे खेळ खेळाल. खेळात रक्त किती, बंदुका किती हे मोठी माणसं तपासतीलच, आणि त्यांनी ते तपासावं. तुम्ही मात्र खेळून उठल्यावर आपल्या तोंडी कुठलं वाक्य बसलंय, ते एकदा ऐका. ते वाक्य घरी आईच्या तोंडावर म्हणता येत असेल, तर खुशाल खेळा.