रेघेपलीकडचं जेवण

रस्त्यापलीकडच्या माणसांविषयी व्हर्ना स्टकी जे बोलायची, त्याला ती मत म्हणत नसे, निरीक्षण म्हणायची. रस्त्याचं नावच स्टेट लाइन रोड. अलीकडची घरं कॅन्सस राज्यातली, पलीकडची मिझुरीतली. मधोमध एक पिवळी रेघ, तीही वाहनांनी अर्धी खाल्लेली. मिझुरीवाल्यांनी मतदान करून गांजा कायदेशीर करून घेतला, त्या दिवशी व्हर्ना खिडकीत उभी राहून म्हणाली, "यांच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय होती!" कारण खिडकीसमोरच ग्लेन्डा पुर्सेलचं घर होतं आणि ग्लेन्डाच्या ओसरीवर सिमेंटचं बदक होतं. त्या बदकाला ती बाई कपडे घालायची. ईस्टरला फुलांची टोपी, पावसाळी हवेत पिवळा रेनकोट, फुटबॉलच्या दिवसांत लाल सदरा. धडधाकट, मतदानाचा हक्क असलेली बाई! व्हर्नाला त्या बदकाकडे बघून दरवेळी नव्याने संताप यायचा.

त्या वसंतात व्हर्नाचा नवरा जेवेनासा झाला. ऑरिनला आतड्याचा कॅन्सर होता. औषधं सुरू झाली आणि अन्नाचा नुसता वास आला तरी तो तोंड फिरवू लागला. व्हर्नाचं भट्टीत तासन्तास मुरलेलं मांस चर्चच्या जेवणावळीत बायका एकमेकींना ढकलून घ्यायच्या. ते मांस ऑरिनने ताटात काट्याने इकडून तिकडे सरकवलं आणि म्हणाला, "छान झालंय." त्याने तोंडात एक घासही घातला नव्हता. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध देता येणार नाही. औषध बंद म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. मागाहून नर्सने तिला व्हरांड्यात गाठलं आणि भिंतीकडे बघत सांगितलं, "गांजाची जेली मिळते. पलीकडे. काही जणांना भूक लागते त्याने. मी काही बोलले नाही हं."

व्हर्नाने जन्मभर कोर्टात कारकुनी केली होती. कायदा कळत नाही म्हणणाऱ्यांची तिने कधी गय केली नव्हती. तिने रात्रीच्या जेवणाला मुलाला विचारलं. डेल शेरीफच्या पोलीस खात्यात होता, आणि बायको सोडून गेल्यापासून आईवडिलांच्या तळघरात राहत होता. त्याने मिठाची आणि मिऱ्याची बाटली टेबलावर मांडली, मधे सुरी आडवी ठेवली.

"हे मिझुरी. इथे विकत घे, जवळ बाळग, खा. हे कॅन्सस. इथे आणलंस की गुन्हा. राज्याचा."

"आणि त्याच्या पोटातून आणलं तर?"

"पोटातलं आम्ही तपासत नाही, आई."

"मग घरातच आणते ना. कोण बघतंय?"

"मी इथे राहतो! घरात सापडलं की माझी नोकरी गेली." डेल मान खाली घालून बटाटे खात राहिला. "आणि मला यातलं काही सांगूही नकोस."

"बाप उपाशी मरतोय आणि तू मिठाच्या बाटल्या मांडतोस," व्हर्ना म्हणाली. "कायद्याचं राज्य म्हणतात ते हेच असावं." डेलने दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले. त्याच्या भुकेला कधीच काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ऑरिनला गाडीत घालून पलीकडच्या दुकानात गेली. दुकान कसलं, दाताच्या डॉक्टरचा दवाखाना वाटावा इतकं चकचकीत. काउंटरवरच्या पोराच्या नाकात कडी होती आणि आवाज झोप येईल असा मऊ. त्याने तिचं लायसन्स बघितलं, जेलीची डबी पुढे केली आणि म्हणाला, "अर्धीच द्या सुरुवातीला, मॅडम. आणि इथे उघडू नका."

"मग गाडीत देते."

"गाडीत नको. आमच्या पार्किंगमध्ये तर नकोच."

"समोरच्या बागेत?"

"बाग शहराची आहे. सार्वजनिक जागेत नको. खाजगी जागा पाहिजे आणि मालकाची परवानगी. घरी न्या ना आरामात."

"घर कॅन्ससमध्ये आहे."

पोराने दोन्ही कानांवर हात ठेवले. "हे मी ऐकलेलं नाही."

"विकायला परवानगी, घ्यायला परवानगी, आणि गिळायला जागा नाही," व्हर्ना म्हणाली. "हा कायदा ज्याने लिहिला त्याला आधी ही जेली चारली होती का?" पोरगा हसला. ती हसली नाही. तिने डबी बंदच ठेवून पोराच्या हातात परत दिली आणि सांगितलं की जागा शोधून येते, तोवर हिला हात लावायचा नाही.

गाडीत ऑरिन म्हणाला, "पुर्सेलबाईंना विचार."

"त्यापेक्षा मी तुरुंगात जाईन."

"मग मला कोण भरवणार?" तो म्हणाला. त्याचा पट्टा आता शेवटच्या भोकाच्याही आत, घरी पाडलेल्या भोकात अडकवलेला होता. व्हर्नाने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि गाडी चालू केली.

ऑरिनला घरी सोडून व्हर्ना रस्त्यापलीकडे गेली. ग्लेन्डाने दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात झोपायचा गाऊन होता, दुपार असूनही. बदकाने मात्र नीट कपडे केले होते.

"मिसेस पुर्सेल," व्हर्ना म्हणाली, "तुमच्याकडे जरा काम होतं." ती ग्लेन्डाला नेहमी तुम्ही म्हणायची. आदराने नव्हे, अंतर राहावं म्हणून.

"बोल की. बदकाची तक्रार करायची असेल तर परत नगरपालिकेला लिही. मागच्या वेळी काय कळवलं होतं गं त्यांनी तुला?"

व्हर्नाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कळवलं होतं ते तिला पाठ होतं. "कॅन्ससच्या रहिवाशाची तक्रार मिझुरीत घेता येत नाही."

"म्हणजे रेघेपलीकडे तुझं काही चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. मग?"

व्हर्नाने सांगितलं. जेली, भूक, डॉक्टर, डेल. सगळं कोर्टात जबाब वाचावा तशा आवाजात सांगितलं. फक्त "औषध बंद करतील" म्हणताना तो आवाज फाटला आणि तिला स्वतःचीच किळस आली. ग्लेन्डाने गाऊनचा पट्टा आवळला.

"उभी काय राहिलीस? घेऊन ये ना त्या माणसाला!"

व्हर्नाने दुकानातून डबी आणली आणि रेघेच्या मिझुरीकडच्या बाजूनेच थेट ग्लेन्डाच्या दाराशी गाडी लावली. मग ती ऑरिनला आणायला पायी रस्ता ओलांडून गेली. काठी टेकत, तिच्या खांद्यावर भार टाकत तो रस्ता ओलांडत होता तेव्हा डेल घरीच होता. तळघराच्या खिडकीचा पडदा आतून ओढला गेला. रेघेवर ऑरिन दम खायला थांबला, तेव्हा व्हर्ना त्या पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "शाब्बास!"

ग्लेन्डाच्या स्वयंपाकघरात अर्धी जेली त्याच्या पोटात गेली. आता वाट बघायची. व्हर्नाचा बेत पक्का होता: भूक जागी झाली की त्याला उठवायचं आणि घरी न्यायचं. घरी मांस भट्टीत होतं, रस्सा तयार होता. तोवर तिने ग्लेन्डाचं स्वयंपाकघर निरखलं. फ्रिजवर बदकांची चुंबकं. सिंकमध्ये सकाळची भांडी. ओव्हनमध्ये काहीतरी पिवळट फुगत होतं. ट्यूना मासा, नूडल्स आणि वर चुरलेले बटाट्याचे वेफर्स! चर्चच्या जेवणावळीत ग्लेन्डाने हा प्रकार एकदा आणला होता आणि तो व्हर्नाने स्वतःच्या हाताने टेबलाच्या टोकाला, कागदी रुमालांच्या मागे सरकवला होता.

"वास कसला येतोय?" ऑरिनने विचारलं.

व्हर्ना चटकन उठली. "तुला मळमळतंय का? चल, आपण ओसरीवर बसू."

"मळमळत नाही." त्याने ओठ चाटले. "ग्लेन्डा, ते झालंय का?"

"दहा मिनिटं तरी निवू दे."

"निवायला नको," ऑरिन म्हणाला. "पोटात कावळे ओरडतायत."

"घरी मांस तयार आहे," व्हर्ना म्हणाली. "रस्ता ओलांडायचा काय तो अवकाश, ऑरिन."

त्याने ऐकलं नाही. चिकट, करडा, मीठ जास्त झालेला तो प्रकार त्याच्यापुढे आला आणि त्याने पहिला घास गिळला. मग दुसरा. वाफेने तोंड भाजत होतं, तरी फुंकर घालायला तो थांबत नव्हता. हनुवटीवर नूडल्सचा तुकडा चिकटला होता. ताट संपलं. त्याने ते ग्लेन्डापुढे धरलं. तिने पुन्हा भरलं, आणि वेफर्सचा कुरकुरीत कोपरा मुद्दाम त्याच्या बाजूला वाढला.

व्हर्ना बघत राहिली. तिला अपमान वाटला. एवढी वर्षं त्या माणसासाठी राबली, आणि त्याच्या जिभेला चव आली ती या बाईच्या घरी, या लगद्याने! तिला ते ताट उचलून बदकाच्या डोक्यात घालावंसं वाटलं. आणि त्याच वेळी तिचे डोळे भरून आले होते, नाक गळत होतं, आणि रुमाल तर रस्त्यापलीकडे, कॅन्ससमध्ये राहिला होता. ग्लेन्डाने कागदी रुमालांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला.

ऑरिनने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. व्हर्नाने नाक पुसलं आणि खुर्ची ओव्हनच्या बाजूला वळवली.

"यात घालतेस तरी काय?" तिने विचारलं.

अहो-जाहो गळून पडल्याचं ग्लेन्डाच्या लक्षात आलं असावं, पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "मश्रूमचं सूप. डब्यातलं."

डब्यातलं सूप! व्हर्नाच्या स्वयंपाकघरात असला डबा कधी आलाच नव्हता. तिने तोंड वाकडं केलं, पुरेपूर वाकडं केलं.

"कुठल्या कंपनीचं?" ती म्हणाली.