शाळेतला आखाडा

शनिवारी सकाळी मी कुदळ घेऊन आखाडा खणायला लागलो. आखाडा म्हणजे आमच्या मालाडच्या टेकडीखालच्या महापालिकेच्या शाळेमागचा मातीचा हौदा. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू मैदानाकडं उघडी. माती दर आठवड्याला खालीवर केली नाही तर ती बसते, दगडासारखी होते आणि पोरगी आपटली की खांदा निखळतो. हे काम चंपाचं, माझ्या बायकोचं. ती गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेली. तेव्हापासून मी करतो.

चंपा शाळेत खिचडी वाटायला होती. शनिवारी शाळेत दप्तर नसतं. कुणी चित्रं काढतं, कुणी तबला शिकतं, कुणी वाफ्यात मेथी लावतं. चंपाचा बाप माण तालुक्यातला पैलवान. ती माधुरी बाईंना म्हणाली, एवढं सगळं आहे तर कुस्ती का नको? बाईंनाही कॉलेजात कुस्तीचा नाद होता. मग चंपानं माहेराहून लाल माती आणवली, तिच्यात ताक, हळद आणि तेल घालून कोपरापर्यंत हात बरबटून ती मळली. बाई पोरींना पाढे म्हणत बैठका मारायला लावायच्या. संघमित्राला वर्गात सतराचा पाढा यायचा नाही, आखाड्यात यायचा. तिची आई म्हणायची, ही पोर वहीसमोर झोपते आणि मातीत उभी केली की तोंड थांबत नाही.

पुढच्या महिन्यात अंधेरीला शाळांच्या कुस्त्या होत्या. आमची शाळा पहिल्यांदाच जाणार होती. आणि आखाड्यावर केतनचा डोळा होता.

केतनचे टेम्पो आहेत. रस्ता रुंद केल्यापासून त्याला ते उभे करायला जागा उरली नाही. शाळेच्या मागच्या फाटकाची कडी मोडलेली, म्हणून आधी एक टेम्पो आत आला, मग दुसरा. त्याला आखाड्याच्या जागेवर सिमेंट टाकायचं होतं. बाईंना सांगून बघितलं, पोरांना टॅब देतो म्हणाला. बाई म्हणाल्या, टॅबवर धोबीपछाड शिकता येत नाही. तो हसला आणि गेला. मला वाटलं विषय मिटला.

माती खणून झाली तेव्हा मी नळावर बादली भरायला गेलो होतो. पोरी व्हरांड्यात बैठका मारत होत्या. फाटक आपटलं. केतननं टेम्पो उलटा आत घातला आणि हौद्याच्या उघड्या बाजूला टेकवला. मागं पडक्या घराचा राडारोडा भरलेला. विटा, फरशा, फुटक्या काचा. केतनचा माणूस देवेश बूट घालून थेट मातीत उतरला आणि टेम्पोचा मागचा फाळका उघडायला लागला.

मी ओरडलो, "ए देवेश, बूट काढ आधी."

तो हसला. "मामा, माती आहे ती. देऊळ नाय."

फाळका उघडला आणि सगळा ढीग धाडकन मातीत कोसळला. काचा लांबवर उडाल्या. मी बादली टाकून पळालो. आखाड्याच्या काठाशी आलो आणि वाकून चप्पल काढायला लागलो. आमच्यात तसंच आहे. मातीत पाऊल घालायचं तर चप्पल बाहेर. भांडायला निघालोय याचं भान होतं, पण पाय त्या सवयीपुढं थांबले. चंपा असती तर तीही वाकलीच असती.

तेवढ्यात टेम्पोतून उतरलेल्या केतननं सळई घातली. डाव्या हाताच्या मनगटावर. आतलं हाड मोडलं ते मला ऐकू आलं. सुक्या काटकीसारखं. मी तोंडावर पडलो. तो म्हणाला, "सांगत होतो ना मामा, साइडला हो."

मी उठलो नाही. उजव्या हातानं मूठभर माती घेतली आणि त्याच्या डोळ्यात मारली. सळई पडली. मी त्याची टांग धरून ओढली. तो आडवा पडला आणि मी त्याच्या छातीवर बसलो. चांगला हात त्याच्या गळ्यावर दाबला. त्याची नखं माझ्या मनगटात रुतली, मोडलेल्या हातानं मी त्याच्या कपाळावर ठोसे घातले. प्रत्येक ठोशाला मलाच जास्त लागत होतं. तरी घालत होतो. त्याचा चेहरा काळसर झाला. मी थांबणार नव्हतो, हे मला माहीत होतं. मागून देवेश विटेनं माझी पाठ ठोकत होता, तेही कळत होतं आणि काही वाटत नव्हतं.

मग कानाशी बारीक आवाज आला. संघमित्रा. व्हरांड्यातून सगळ्यांआधी धावत आली होती. अनवाणी, काचांच्या कडेला. ती ओरडली नाही. पंच सांगतात तसं सांगत होती.

"मामा, पाठ लागली त्याची. सोडा. कुस्ती संपली."

बाई पोरींना हेच शिकवतात. दोन्ही खांदे मातीला लागले की हात सोडायचे, पुढं एक क्षणही ठेवायचे नाहीत. ठेवले तर जिंकलेला हरतो. माझी बोटं आपोआप सुटली. केतननं खोकत श्वास घेतला, बाजूला वळला आणि उठता उठता माझ्या तोंडावर बुटाची लाथ घातली. दोन दात मातीत पडले.

एवढं पोरींनी बघितलं. मग त्यांच्या आया आल्या. वस्तीत बातमी कशी जाते कोण जाणे. झाडू, लाटणी, एकीच्या हातात माझीच कुदळ. त्यांनी देवेशला फाटकापर्यंत झोडपत नेलं, टेम्पोची काच फोडली. पोलीस आले तेव्हा केतन भिंतीला टेकून बसला होता आणि बाई मध्ये उभ्या होत्या.

चौकीत फौजदार म्हणाला, दोन्हीकडून गुन्हा नोंदवतो. पण मग जागा वादाची. निकाल लागेपर्यंत मैदान बंद. कोर्टाचं काय, वर्षं जातात. आणि पोरांसमोर मारामारी झाली म्हटल्यावर कुस्तीचा वर्ग तर पहिल्यांदा थांबेल.

माझा हात गळ्यात अडकवला होता. मला केतनला तुरुंगात बघायचं होतं. त्याशिवाय दुसरं काही मागायचं नव्हतं. संघमित्राची आई बाकावर बसून माझ्याकडं बघत होती.

मी फौजदाराला म्हणालो, "तक्रार न्हाई करत. त्यानं बी करायची न्हाई. टेम्पो बाहेर न्यायचे आणि राडारोडा त्यानं स्वतः उचलायचा. फाटकाची कडी बी त्यानंच बसवायची."

केतननं गळा चोळत होकाराची मान हलवली. पायरीवर मला म्हणाला, "मामा, तू मला मारलाच असता."

मी म्हणालो, "व्हय."

त्यानं राडारोडा उचलला. पण काचांचा भुगा मातीत मिसळला होता. मी आणि बायांनी माती चाळली. तरी बारीक काच नजरेला दिसत नाही आणि चाळणीतून खाली जाते.

पुढच्या शनिवारी पोरी काठावर रांगेत उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, आज नको. मी म्हणालो, थांबा. पँट वर दुमडली आणि मातीत उतरलो. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. पाऊल टाकायचं, पूर्ण वजन द्यायचं, टाच फिरवायची, मग दुसरं. पहिल्या भिंतीशी काच टोचली. काढून खिशात टाकली. मध्यावर अजून एक, खोल गेली. मी सगळी माती पायांनी तपासली, एक वीतसुद्धा सोडली नाही. मग परत फिरून आडवी तपासली. रक्त मातीत जिरत होतं, लाल मातीत ते कळतही नव्हतं.

शेवटच्या कोपऱ्यात पोचलो, काही टोचलं नाही. काठावर बसलो आणि म्हणालो, "या गं."